मिठाआधीचा चहा

देजिद सून होऊन बोर-तोलगोयला आली तेव्हा तिथल्या विहिरीच्या कठड्यावर बसून पाय लोंबते सोडता यायचे. तिची मुलं चालायला लागली तोवर कठडा गुडघ्याएवढा उरला होता, आणि धाकटी लेक लग्न होऊन गेली त्या वसंतात तो नेमका कुठे आहे हे फावड्यानं टोचून टोचून शोधावं लागलं. विहीर खचली नव्हती. वाळू चढली होती.

आमच्या गोबीत वाळूशी कुणाचं वैर नाही. हिवाळ्यात ती वारा अडवते, उन्हाळ्यात तिच्या पायथ्याशी ओल टिकते, आणि सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांना तापल्या वाळूत बसवलं की रात्रीची झोप लागते. पण बोर-तोलगोयच्या वायव्येला जी पिवळी टेकडी आहे तिचा स्वभाव वेगळा. झोपेत माणसानं कूस बदलावी तशी ती दर वसंतात जराशी सरकायची, आणि प्रत्येक वेळी विहिरीच्याच बाजूला. वसंतातलं वाळूचं वादळ, आमचा पिवळा वारा, थांबला की गडी माणसं फावडी घेऊन जायची, विहिरीचं तोंड मोकळं करायची, चामड्याच्या बादलीनं आतली वाळू उपसायची, आणि सगळं झाल्यावर चहा पिताना कुणीतरी म्हणायचं की पुढच्या खेपेला आपल्याच्यानं हे व्हायचं नाही. असं म्हणत म्हणत एकेक घर उठलं. शेवटी पग्माही गेली. ही देजिदची मैत्रीण. दोघींनी मिळून लोकरीचे नमदे कुटले होते, एकमेकींची बाळंतपणं केली होती. जाताना तिनं देजिदला आपला तवा दिला आणि म्हणाली की तालुक्याच्या गावी नळ आहे, तुझं चुकतंय. मग त्या खोऱ्यात नमद्याचे दोनच गोल तंबू, दोनच गेर उरले, एक देजिदचा आणि एक तिच्या थोरल्या दिरांचा, चोगसोमदादांचा.

देजिद बुटकी, घोड्यावर बसून बसून पाय किंचित बाकदार झालेली, आणि आवाज असा की टेकडीपलीकडचा उंट मान वळवेल. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची. गेरच्या उत्तरेच्या अंगाला पेटीवर हरित तारा देवीची तसबीर होती, तिच्यापुढे लोण्याचा दिवा लावायची, जुनिपरची धुरी फिरवायची, मग चुलीत वाळल्या लेंड्या सारून चहा टाकायची. चहाच्या विटेचा तुकडा कुटून पाण्यात, उकळी आली की मूठभर मीठ, मग सांडणीचं दूध, आणि मग ओगराळं भरभरून वर उचलून पुन्हा पातेल्यात सोडायचं, चहाला फेस येईपर्यंत. त्यातला पहिला, वरचा चहा माणसाचा नाही. तो नऊ खळग्यांच्या लाकडी पळीत घेऊन ती दाराबाहेर यायची, आभाळाला, डोंगराला, चारी दिशांना शिंपडायची. हे एक दिवस चुकलं असं तिच्या आयुष्यात झालं नाही. बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा तिनं पळी नवऱ्याच्या हातात देऊन आतून ओरडून त्याच्याकडून शिंपडून घेतलं होतं, आणि त्यानं एक दिशा गाळली तेही तिला आतून कळलं होतं.

नवरा गोन्चिग कमी बोलणारा. काही सांगायचं असलं की तो घोड्याला सांगायचा आणि ते देजिदनं ऐकावं अशी अपेक्षा असायची.

पग्मा गेली त्याच शरदात चोगसोमदादा संध्याकाळचे आले. दोघा भावांनी तपकिरीच्या कुप्या एकमेकांच्या हाती दिल्या, हुंगल्या, परत केल्या. उंट कसे आहेत, गवत कसं आहे, सगळं रीतसर विचारून झालं. मग दादांनी विषय काढला. तालुक्याच्या गावाशेजारी त्यांनी जागा पाहून ठेवली होती. तिथे यंत्राची विहीर होती. शेळ्या नेता येतील, पण उंटांना तिथे चरायला जागा नाही, ते विकून टाकावे लागतील. देजिदच्या हातातलं ओगराळं तिथेच थांबलं. तिच्या सासूनं मरताना तिच्या हाती काही सोनंनाणं दिलं नव्हतं. उंटांचा कळप दिला होता आणि ही विहीर दिली होती.

दादा म्हणाले, "सूनबाई, विहिरीनं डोळे मिटले तर काय करशील?"

"मिटू देणार नाही."

"पापण्या हातानं धरून बसणार?"

"झाडं धरतील," देजिद म्हणाली.

दादांना असं हसू आलं की तपकीर भलतीकडेच गेली आणि शिंका थांबेनात.

पण देजिद हे उगीच बोलली नव्हती. तिचं माहेर दूर, कोरड्या नदीच्या पात्रात. तिथे विहिरीच्या वाऱ्याकडच्या अंगाला खैलासाची झाडं होती, जुनी, वाकडी, सालीला हात लावला तर सोलून निघेल अशी खरखरीत. वाळू त्यांच्या पायाशी येऊन ढीग घालून बसायची, पुढे यायची नाही. लहानपणी तिला वाटायचं की झाडं वाळूला दटावतात. आता लेकीच्या लग्नानंतर माहेरी गेली असताना तिनं खैलासाच्या चपट्या, पंखांच्या बिया रुमालात बांधून आणल्या होत्या. जुन्या डब्यांत माती घालून त्या पेरल्या होत्या. गेरच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून ते डबे मांडून ठेवलेले सगळ्यांनी पाहिले होते. कुणी विचारलं की ती म्हणायची, कांदे लावलेत.

अडचण बियांची नव्हती, खणण्याची होती. आमच्याकडे जमीन उगीच उकरत नाहीत, आणि पाण्यापाशी तर नाहीच नाही. पाण्याखाली त्याचे धनी राहतात, त्यांना धक्का लागला की पाणी पाठ फिरवतं, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. दादांनी हेच सांगितलं आणि ते खोटं सांगत नव्हते. देजिदही तेच मानणारी. तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी घोड्यावर खोगीर टाकलं आणि आगवान लामांकडे गेली.

आगवान लामा तेव्हाच थकलेले होते, पण मोटारसायकल सोडली नव्हती. त्यांनी पोथी पाहिली, माळ ओढली, आणि सांगितलं की खणून काही काढून न्यायचं असेल तर ते पाप. खणून काही द्यायचं असेल तर आधी क्षमा मागावी, दूध शिंपडावं आणि द्यावं. वसंतात ते स्वतः आले. मोटारसायकलवरून उतरताना त्यांचा झगा चाकात अडकला आणि देजिदनं तो सोडवला, ही त्या दिवशीची एकमेव अशुभ गोष्ट. विहिरीच्या वायव्येला त्यांनी मंत्र म्हणत जागा दाखवली, दूध शिंपडलं. देजिदनं खड्डे केले. गोन्चिगनं रोपं धरली. झग नावाच्या झुडपाच्या वाळल्या काटक्या आणि लोखंडी तारा यांचं कुंपण केलं, शेळ्या शिरू नयेत म्हणून. दादा लांब उभे राहून पाहत होते, जवळ आले नाहीत, पण कुंपणाला काटक्या कमी पडल्या तेव्हा त्यांच्याच गेरमागच्या ढिगातून पुरवल्या.

आता देजिदच्या मनात आलं ते असं. लामा एकदा दूध शिंपडून गेले. पण रोज सकाळी आपण आभाळाला देतो, डोंगराला देतो, चुलीला देतो, मग जी जमीन आपण उकरली तिला रोज नको? आणि ज्या रोपांच्या जिवावर आपण इथे राहणार ती तर घरचीच झाली. तिनं एक लहान किटली वेगळी काढली. सकाळचा पहिला चहा दिशांना शिंपडून झाला की ती किटली घेऊन कुंपणात शिरायची आणि प्रत्येक रोपाच्या मुळाशी एकेक घोट घालायची. घालताना ॐ मणि पद्मे हुं म्हणायची. ओळीच्या टोकाला जाईपर्यंत किटली बहुतेक रिकामी झालेली असायची आणि शेवटच्या रोपाला नुसती किटली पालथी करून दाखवावी लागायची. त्याचं तिला वाईट वाटायचं. त्याला ती पोरकं म्हणायची.

पग्मा एकदा भेटायला आली होती. तिनं हा थाट पाहिला आणि म्हणाली की एवढं करतेसच तर तळलेल्या पिठाचे तुकडेही बुडवून दे, नुसता चहा कसा जाईल त्यांच्या घशाखाली.

"तू नळाचं पाणी पी जा," देजिद म्हणाली.

पहिला उन्हाळा बरा गेला. शरदात पानं कडेनं जरा तपकिरी झाली, पण शरदात सगळ्यांचीच होतात. हिवाळाभर देजिदनं चहा चुकवला नाही. थंडी अशी की किटलीतून जमिनीवर पडेपर्यंत घोट गोठायचा. तरी घातला. वसंतात वारा आला, टेकडी पुन्हा सरकली, कठडा पुन्हा बुडाला. पण कुंपणानं थोडी वाळू अडवली होती हेही दिसलं. मग कोवळी पानं फुटली, आणि देजिदनं ती मोजकी हिरवी टिंबं पाहून तारेपुढे मोठा दिवा लावला. त्यानंतर काही दिवसांतच पानांच्या कडा करपल्या. जणू कुणी एकेक पान दिव्यावर धरून पुन्हा लावून ठेवलं होतं. खालची पानं गळली. शेंडे वाळले. देजिदनं पाणी वाढवलं, मंत्र वाढवला, आणि चहाही वाढवला.

चोगसोमदादांनी काही म्हणून दाखवलं नाही, तेच जास्त लागलं. ते कुंपणाशी येऊन उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले की पाण्याचे धनी रागावले आहेत, आता आणखी रागावू नयेत एवढं पाहू. गोन्चिग घोड्याला म्हणाला की उन्हाळ्याच्या कुरणावर निघायची वेळ झाली.

त्या दिवशी देजिदनं दोघांसमोर शब्द दिला. "शरदापर्यंत थांबा. तोवर झाडं हिरवी झाली नाहीत तर या गेरची पहिली दोरी मी सोडेन. उंट विका, मी रडणार नाही."

आमच्यात बाईनं स्वतःच्या गेरची पहिली दोरी सोडते म्हणणं ही लहान गोष्ट नाही. घर उठवताना ती दोरी घरधनी सोडतो. तिनं ते तोंडातून काढलं आणि दोघा भावांनी शरदाची मुदत मान्य केली.

बोर-तोलगोय हा हिवाळी तळ, उन्हाळ्यात तिथे राहायचं नसतं. तिथलं गवत थंडीसाठी राखलेलं असतं. गोन्चिग शेळ्या घेऊन कुरणावर गेला, दादाही गेले. देजिद मात्र आदल्या उन्हाळ्यासारखीच काही सांडण्या ठेवून मागे राहिली. लांबून जाणारे ट्रकवाले उन्हाळ्यात हिवाळी तळावर धूर पाहायचे आणि तालुक्याला जाऊन सांगायचे की गोन्चिगच्या बायकोचं डोकं फिरलं. तिच्या कानावर ते यायचं. ती रोज पहाटे उठून दिवा लावायची आणि तारेला स्पष्ट विचारायची. माझ्या हातून काय चुकलं ते सांग. झाडं मेली तर मरू देत, पण कशानं मेली ते कळल्याशिवाय मी इथून जाणार नाही. रडून मागण्याचा तिचा स्वभाव नव्हता. भांडून मागण्याचा होता.

मागे ठेवलेल्या सांडण्यांत एक म्हातारी होती. तिचं पुढचं वशिंड एका अंगाला कलंडलं होतं, म्हणून ती कलती. कलतीसारखं हट्टी जनावर अख्ख्या खोऱ्यात नव्हतं, देजिद सोडून. दोघी एकमेकींना चांगल्या ओळखून होत्या.

एका सकाळी देजिद चहा ढवळत होती आणि बाहेर काटक्या मोडल्याचा आवाज आला. ती ओगराळं हातात घेऊनच धावली. कलतीनं छातीनं कुंपण दाबून पाडलं होतं आणि ती आत, रोपांच्या मधोमध मान खाली घालून उभी होती. देजिदनं धावता धावता तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एवढी वर्षं तुला चारलं, हिवाळ्यात तुझ्या पाठीवर नमदा टाकला, आणि तू माझी झाडं खातेस. ओगराळं उगारलं. आणि ते तसंच वर राहिलं.

कलती झाड खात नव्हती. तिच्या नाकापुढे उरलीसुरली पानं होती, कोवळी, तिला सहज ओठात येतील अशी. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. ती माती चाटत होती. मुळाशी, खडबडीत जिभेनं, डोळे अर्धे मिटून. एका रोपाशी चाटून झालं की दुसऱ्याशी, मग तिसऱ्याशी. अशी ओळीनं गेली आणि शेवटच्या रोपाशी पोचली. पोरक्याशी. तिथे नाक टेकवलं, फुर्रकन हवा सोडली, आणि काही न चाटता वळली.

पोरकं हिरवंगार होतं.

देजिदनं ते रोज पाहिलं होतं, पण आज पहिल्यांदा दिसलं. उंट माती कधी चाटतो हे आमच्याकडच्या रांगत्या मुलालाही ठाऊक असतं. दर शरदात आम्ही कळप खाऱ्या तळ्याकडे नेतो ते त्यासाठीच. ती गुडघ्यांवर बसली, रोपाच्या मुळाजवळची चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

खारट. तिच्या स्वतःच्या चहाइतकी खारट.

तिनं एकदा हातातल्या मातीकडे पाहिलं, एकदा हिरव्या पोरक्याकडे. मग हसायला लागली. टेकडीपलीकडे जाईल अशा आवाजात, एकटीच. कलतीनं मान वळवून पाहिलं. देजिद उठली, तिच्या गळ्यात हात टाकले, आणि त्या हट्टी, वास मारणाऱ्या मानेला कपाळ टेकवून म्हणाली, "म्हातारे, मी तारेला विचारत होते. तुला कुणी बोलायला सांगितलं?"

मग चुलीवरचा चहा आटून गेला तरी तिला भान नव्हतं. तिनं आधी हातांनी, मग खुरप्यानं प्रत्येक रोपाभोवतीची वरची माती खरवडून काढली, पोत्यात भरली आणि सांडण्यांपुढे ओतली. खाऱ्या तळ्यापर्यंत न जाताच मेजवानी मिळाल्यामुळे त्या दिवसभर विहिरीपासून हलल्या नाहीत. मग पाणी. नुसतं शिंपडून भागणार नव्हतं, आतलं मीठ मुळांच्या खाली जाईपर्यंत ओतायला हवं होतं. बादलीमागून बादली. एकटीनं. तिच्या तळहातांची सालं निघाली तेव्हा तिनं त्यांवर लोणी चोळलं, कापड गुंडाळलं आणि पुन्हा दोर धरला.

तिसऱ्या दिवशी गोन्चिग कुरणावरून तिला खायला घेऊन आला. बायकोचे हात पाहिले. खरवडलेली माती पाहिली, चाटून गुळगुळीत झालेली जमीन पाहिली. तिनं सगळं सांगितलं. त्यानं कुंपणाभोवती एक फेरी मारली. मग घोड्याला म्हणाला, "ऐकलंस? ही झाडांना न्याहारी घालत होती." आणि अंगरख्याच्या बाह्या वर करून दोर तिच्या हातातून घेतला.

मनातली एक गाठ मात्र तिला सुटेना. भक्तीनं केलं आणि तेच विष झालं, याचा अर्थ काय घ्यायचा? ती पुन्हा आगवान लामांकडे गेली. लामांनी सगळं ऐकलं आणि ते इतके हसले की शिष्यानं पाठीवर थापटायला हात पुढे केला. मग डोळे पुसत म्हणाले, "बाई, तुझ्या देण्यात खोट नाही. पण दुसऱ्याला द्यायचं ते त्याच्या जिभेनं चाखून द्यावं. तू आपल्या जिभेनं दिलंस."

"मग आता पहिला चहा देऊ की नको?"

"दे की. मीठ टाकायच्या आधी दे."

एवढंच. तिला वाटलं होतं काहीतरी मोठं प्रायश्चित्त सांगतील. परतीच्या वाटेवर ती घोड्याच्या लयीत ते पुन्हा पुन्हा म्हणत आली, आणि घरी येईपर्यंत मन पिसासारखं हलकं झालं होतं.

काही रोपं गेलीच. ती तिनं उपटली नाहीत. वाळल्या खोडांनीही वाळू अडते. पण उरलेल्यांनी उन्हाळा संपता संपता वर मेलेल्या शेंड्याकडे पाठ फिरवली आणि अगदी बुडातून, जमिनीलगत नवे धुमारे काढले. बोटभर, लालसर, चिकट पानांचे. खैलास असंच असतं. वरून मारलं तर खालून येतं.

शरदात चोगसोमदादा आले. सांगितलं नव्हतं तरी कशासाठी आले ते सगळ्यांना माहीत होतं. तपकिरीच्या कुप्या झाल्या, गवतपाणी विचारून झालं. देजिदनं त्यांना कुंपणात नेलं. दादा पुढून पाहत गेले, शेंडे वाळलेले दिसले, चेहरा पडला. मग तिनं त्यांना वाकायला सांगितलं. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे कुरकुरले. त्यांनी वाकून पाहिलं, एका रोपाशी, मग दुसऱ्याशी, आणि शेवटी पोरक्यापुढे जाऊन उभे राहिले, जे आता त्यांच्या छातीला लागत होतं. मग ते कुंपणाबाहेर आले, हातातली काठी विहिरीच्या दिशेनं धरून अंतर मापल्यासारखं केलं, आणि गेरकडे चालू लागले.

गेरला आडवी बांधलेली ती पहिली दोरी वाऱ्यानं थोडी सैल झाली होती.  दादांनी दोरीची गाठ धरली, सोडली, पाय भिंतीला लावून दोरी ताणली आणि घट्ट, दुहेरी गाठ मारली.

"असल्या सैल दोरीनं हिवाळा काढणार होतीस, सूनबाई?" ते म्हणाले. आणि आत जाऊन चहा मागितला.

दादांचं सामान मात्र तालुक्याच्या गावी आधीच गेलं होतं. त्यांच्या मुलानं तिथे कुंपण घातलं होतं. त्यांना जावंच लागलं. उंट तेवढे त्यांनी विकले नाहीत, मोठा कळप देजिदकडेच सोडला आणि म्हणाले की तुझ्या झाडांना माती चाटणारे लागतील.

त्यानंतरची वर्षं पटकन सांगून होतील, पण जगताना ती पटकन गेली नाहीत. खैलास वाढतं ते माणसाला चिडवत वाढतं. एका वर्षी टोळांनी पानं खाल्ली, एका हिवाळ्यात बर्फ इतका पडला की शेळ्या मेल्या आणि कुंपण जळणाला घ्यायचा मोह झाला. देजिदनं ते जाळलं नाही, पेटीच्या दोन फळ्या जाळल्या. दर वसंतात माहेरच्या बिया आल्या, दर वसंतात नवी ओळ लागली, आणि प्रत्येक खड्ड्यापूर्वी तिनं क्षमा मागितली. पोरक्याच्या फांद्यांवर मानाची निळी रेशमी वस्त्रं बांधली गेली. आधी तिनं एक बांधलं, मग वाटेनं जाणाऱ्यांनी.

मग तो पिवळा वारा आला, ज्याचं नाव आजही लोक हळू आवाजात काढतात. दुपारी अंधार पडला. गेरचा वरचा झरोका बांधून टाकला तरी चहात वाळू, डोळ्यांत वाळू, तारेच्या तसबिरीवर वाळू. दोरी गुणगुणत होती, पण सुटली नाही. देजिद पूर्ण वेळ माळ ओढत होती, आणि गोन्चिग घोड्याला काही सांगत नव्हता, कारण घोडा बाहेर होता. वारा थांबला तेव्हा दोघे फावडी घेऊन दार ढकलत बाहेर पडले.

पिवळी टेकडी आली होती. खूप आली होती. झाडांच्या ओळीला टेकून ती भिंतीसारखी उभी होती, खैलासांच्या कमरेपर्यंत, आणि काही ठिकाणी खांद्यापर्यंत. फांद्यांतून पुढे वाहून आलेली वाळू विहिरीपर्यंत पोचेस्तोवर विरून गेली होती. कठडा मोकळा होता. नवी नवरी बसेल आणि पाय लोंबते सोडेल इतका मोकळा. देजिदनं आत वाकून पाहिलं. खाली आभाळाचा तुकडा हलत होता.

ती कठड्यावर बसली. पाय लोंबते सोडले. या वयात, दोन्ही गुडघे दुखत असताना. गोन्चिग तिच्याकडे पाहत राहिला आणि मग, घोडा जवळ नसल्यामुळे असेल, थेट तिलाच म्हणाला, "तुझ्या सासूनं माणूस बरोबर निवडलं."

त्या दिवसापासून लोक यायला लागले. खोऱ्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी बुडाल्या होत्या. तालुक्याच्या यंत्रात वाळू जाऊन ते बंद पडलं होतं आणि दुरुस्तीवाला वाटेत अडकला होता. पहिल्यांदा शेजारचे मेंढके आले, मग दूरचे, ज्यांची नावंही माहीत नव्हती. उंटांच्या रांगाच रांगा, हंबरणं, शेळ्यांची धक्काबुक्की, ओठ फुटलेली माणसं. देजिद डोणीशी उभी राहून कुणाचा कळप आधी आणि कुणाचा नंतर ते ठरवत होती, आणि तिचा आवाज ऐकून माणसं आणि जनावरं दोन्ही ओळीत राहत होती. पग्मा तालुक्याहून आली. नळाचं काय झालं हे देजिदनं विचारलं नाही. नुसता तिचाच जुना तवा चुलीवर ठेवलेला दाखवला. पग्मानं तिला बुक्की मारली आणि मग दोघी हसता हसता रडल्या.

दुपारी चोगसोमदादा आले. खूप थकलेले, आपल्याजवळ ठेवलेले दोन उंट ओढत, खांद्यावर फावडं. त्यांना वाटलं होतं विहीर मोकळी करायची आहे, मदत लागेल. झाडांपाशी येऊन ते थबकले. वाळूची भिंत पाहिली, मग भिंतीअलीकडे पाणी पिणारे कळप.

देजिद त्यांच्याकडे चालत गेली. त्यांच्या खांद्यावरचं फावडं काढून घेतलं आणि हातात चामड्याची बादली दिली.

"फावड्याचं काम झाडांनी केलं, दादा. तुम्ही पाणी शेंदा."

दादांनी बादली घेतली. आधी दोन्ही हातांनी कपाळाला लावली, विहिरीला नमस्कार केला, मग शेंदायला लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोर कुणाला दिला नाही.

पुढच्या वर्षी दादांचा गेर परत बोर-तोलगोयला आला. मग पग्माचा. आता तिथे पाच धूर दिसतात, आणि झाडांखाली उन्हाळ्यात सावली असते, जी आमच्या खोऱ्यात आधी फक्त उंटाच्या पोटाखाली मिळायची.

आणि एक गोष्ट राहिलीच. बाहेरून कुणी सून आमच्या खोऱ्यात आली की तिला पहिल्या दिवशी आश्चर्य वाटतं. चहाला उकळी येते, तिचा हात सवयीनं मिठाकडे जातो, आणि सासू तिचा हात धरते. आधी पळी, मग मीठ. पहिला चहा अळणी निघतो. सून तो दाराबाहेर नेते, आभाळाला, डोंगराला आणि चारी दिशांना शिंपडते, आणि मग खैलासांकडे जाऊन एकेक घोट मुळाशी घालते. हल्ली सगळ्या जणी त्या टोकापासून सुरू करतात. पोरक्याचा मान पहिला.

कलती केव्हाच गेली. तिची कवटी झाडांच्या ओळीत उंच दगडावर ठेवली आहे, विहिरीकडे तोंड करून. आणि देजिद रोज सकाळी झाडांना चहा घालून झाला की परत येऊन मीठ टाकते, चहा ढवळते, आणि चिमूटभर मीठ नेऊन त्या दगडावर ठेवते.